मोटर कधी बंद केली होती?

विद्यापीठातल्या पाणी-संशोधनाच्या सादरीकरणांचं संयोजन माझ्याकडे असतं. प्रत्येकाला १२ मिनिटं, प्रश्नांना ३. यंदा भूशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या एका पाणलोटाचा नकाशा लावला. मे महिन्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या समोच्च रेषा, म्हणजे सारखी पातळी जोडणाऱ्या रेषा, आणि मधोमध एक खोल खळगा. तिथे उपसा जास्त आहे, असा तिचा निष्कर्ष. पुढच्या रांगेतल्या निवृत्त भूवैज्ञानिकांनी एवढंच विचारलं, "मोटर कधी बंद केली होती?"

त्याची नोंद तिच्याकडे नव्हती. आमच्या काळ्या पाषाणात ही नोंद नसली तर नकाशाचा पायाच डळमळतो. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरभर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. मोटर ताशी २० हजार लिटर ओढत असेल, तर दीड तासात ते संपतं. मांजऱ्या खडकातून, म्हणजे पांढरे ठिपके असलेल्या बेसॉल्टातून, झरे बरे असतील तर विहीर लवकर भरते, नाहीतर रात्रभर भरत राहते. अशा विहिरीत दुपारी टेप सोडला तर मिळते ती त्या दिवसाच्या उपशाची पातळी, खडकातल्या पाण्याची नव्हे. म्हणून मालकाला वेळ विचारायची आणि तासाच्या अंतराने दोन मोजमापं घ्यायची. पाणी अजून चढत असेल तर तो आकडा नकाशावर टाकायचा नाही. शेतीची वीज पाळीने येते, कधी रात्री, त्यामुळे 'पहाटे मोजलं' हे उत्तरही पुरेसं नाही.

दुसरी अडचण उंचीची होती. टेप कठड्यापासून सोडतात, तेव्हा कठड्याची उंची वजा करावीच लागते. पण विहिरीच्या जागेची उंची तिने फोनवरून घेतली होती. फोनची उंची कित्येक मीटरनी चुकते आणि शेजारच्या विहिरींच्या पातळीत फरक असतो दोनेक मीटरचा. त्यातून प्रवाहाची दिशा काढता येत नाही. ऑटो लेव्हल हे उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र लावून गावातल्या एका पक्क्या खुणेपासून उंची आणायला हवी. शिवाय १२ मीटरची विहीर आणि ६० मीटरची बोअर एकाच नकाशात नको. मधे गेरूचा, म्हणजे पाणी सहसा खाली जाऊ न देणाऱ्या लाल मातीचा थर असला तर दोघींचं पाणी वेगवेगळ्या थरांतलं असू शकतं.

मी चहाच्या जागी भिंतीवर खोऱ्याचा मोठा नकाशा लावतो आणि प्रत्येकाला आपापल्या विहिरींवर टाचणी लावायला सांगतो. नुसत्या ओळखपाळखीतून जे निघत नाही ते यातून निघतं. तिच्या पाच विहिरींवर आधीच टाचण्या होत्या, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या. त्याने ऑक्टोबरात नमुने घेतले होते. दोन विहिरींत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या वर होतं. का, ते त्याला सांगता येत नव्हतं, कारण पातळीची मोजमापं त्याच्याकडे नव्हतीच. तिच्या वहीत मात्र ऑक्टोबरची पातळीही होती. या दोन्ही विहिरींत पाणी जमिनीपासून तीन मीटरच्या आत आलं होतं. वाटच एवढी आखूड, की पावसाबरोबर झिरपलेलं नायट्रेट खाली पोचायला फार वेळ लागत नाही.

पण आलं कुठून? मी त्याला क्लोराइडचा रकाना उघडायला लावला. सांडपाण्यात आणि शेण-मुतात मीठ, म्हणजे क्लोराइडही असतं. एकीत क्लोराइडही चढलेलं, तेव्हा आधी गोठा, उकिरडा आणि शोषखड्डा तपासायचा. दुसरीत फक्त नायट्रेट, म्हणजे संशय युरियावर. पोटॅश खतातूनही क्लोराइड येतं, त्यामुळे शेतकऱ्याला खताच्या गोण्यांविषयी विचारल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. आणि दोन विहिरींवरून गावाबद्दल विधान तर मुळीच करू नये.

तिथेच दोघांना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या अधिकाऱ्यांपाशी नेलं. यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. नुसता 'डेटा द्या' म्हणून अर्ज केला तर तो फिरत राहतो. गाव, विहीर क्रमांक आणि कोणती वर्षं एवढं लिहून दिलं की काम सोपं होतं. दोघांनी तो कागद उभ्या उभ्याच लिहिला.

येत्या ऑक्टोबरात ते एकत्र जाणार आहेत. आधी पातळी, मग नमुना. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, नायट्रेटची बाटली बर्फात ठेवायची आणि ४८ तासांत प्रयोगशाळेत द्यायची. वहीत पहिला रकाना मोटर बंद केल्याच्या वेळेचा.