श्रावणातले दहा दिवस, कुळागरात

शून्य दिवस, संध्याकाळ

कुळागर म्हणजे गोव्यातली पोफळींची बाग. तिथल्या शिबिरात फोन, पुस्तके, वह्या जमा झाल्या. साधकांच्या वह्या, अर्थात. ही वही सेवेकऱ्यांची: कुणाला उशी जास्त हवी, कुठे गळते, उद्या किती तांदूळ. आता दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे साधकांनी एकमेकांशी बोलायचे नाही. दहा दिवसांचे विपश्यना शिबिर बारा तारखा खाते. आजची संध्याकाळ आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरून. रजेचा अर्ज लिहिताना निम्मे लोक इथेच चुकतात.

पहिला

चारला घंटा, साडेचारला बैठक. आठ, अडीच आणि सहा या तासाभराच्या सामूहिक बैठका, बाकीच्या आपापल्या. बेरीज केली तर दिवसाला दहा तासांहून जास्त बसणे होते.

साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरचा छोटा त्रिकोण, तिथे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा. प्राणायाम करणारे इथे हमखास अडकतात. सवयीने श्वास लांबवतात, मोजतात, आणि दुपारपर्यंत कपाळ दुखायला लागते. श्वास कळतच नसेल तर दोन-चार जरा जोराचे घ्यायचे, मग सोडून द्यायचे. एवढीच मुभा.

दुसरा

गुडघे. दरवेळी दुसऱ्या दिवशीच.

कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी, साधारण चार ते सहा इंच, आणि गुडघे जमिनीला टेकलेले. गुडघे हवेत राहिले की वीस मिनिटांत पाठ वाकते, मग मान पुढे येते, मग झोप. टेकत नसतील तर खाली घडी केलेला टॉवेल घालावा. उश्यांचा डोंगर रचू नये, तो हलतो. पाय बधिर होतो तो रक्त अडल्यामुळे असे सगळे समजतात; बहुतेक वेळा दाबला जातो तो मज्जातंतू. म्हणून उठताना मिनिटभर पाय लांब करून थांबायचे. लगेच उभे राहिले की पाऊल मुरगळते, आणि इथल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर या दिवसांत शेवाळ आहे.

पावसाळ्यात कापसाच्या उश्या ओल धरतात, वास मारतात. फोमच्या बऱ्या.

जेवण अकराला. उकड्या तांदळाचा भात, मुगागाठी, सोलकढी. पोटभर जेवलेला एकची बैठक झोपेत घालवतो. संध्याकाळी पाचला नव्यांना चहा, फळ, चुरमुरे. जुन्यांना नुसते लिंबूपाणी, कारण त्यांना आठ शीले (पाळायचे नियम), त्यांत दुपारनंतर अन्न नाही.

तिसरा

पाऊस थांबेना. पोफळींतल्या वाटेवर जळवा. आमच्याकडे लगेच मीठ किंवा चुना लावतात, पण त्याने जळू मरते आणि शिबिरात पहिलेच शील प्राणिहिंसा न करण्याचे. मग? जळवेचे निमुळते टोक शोधायचे, ते तोंड. कातडीला लागून नख आडवे सरकवायचे, ते सुटले की दुसरे टोक, आणि पानावर ठेवून द्यायची. ओढायची नाही. जखम तासभरसुद्धा वाहते, कारण तिच्या लाळेने रक्त गोठत नाही. घाबरण्यासारखे काही नसते. मोज्यांत विजार खोचली तर हा प्रश्न निम्मा होतो.

वर्षावासाची रीतही यातूनच आलेली. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहायचे, कारण पावसात फिरताना कोवळी हिरवळ आणि बारीक जीव पायाखाली येतात. श्रावणातले शिबिर गैरसोयीचे खरे, पण मुहूर्ताला धरून आहे.

चौथा

दुपारी विपश्यना दिली. डोक्यापासून पायांपर्यंत एकेका भागावरून लक्ष नेणे. उद्यापासून तिन्ही सामूहिक बैठकांत अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. नव्यांची चूक एकच, झिणझिण्या शोधत बसतात. ओल्या कपड्याचा गारवा, खाज, घाम, सदऱ्याचा स्पर्श, हीही संवेदनाच. काहीच कळले नाही तर त्या भागावर मिनिटभर थांबून पुढे जायचे.

सहावा

चिठ्ठी आली: "आवाज फार आहेत." बरोबर आहे. 'निसर्गरम्य शांतता' जाहिरातीत असते, कुळागरात नसते. व्हाळ (ओढा) चोवीस तास वाहतो, सुपारी पत्र्यावर पडते, पहाटे शीळकरी कस्तूर पक्षी माणसासारखी शीळ घालतो, आणि चतुर्थी जवळ आली म्हणून वाड्यावर घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्यांचा सराव. कानात कापूस घालायला सांगत नाही. कापसाने बाहेरचे कमी होते, स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठा होतो, आणि त्याचाच त्रास. आवाजाला 'आवाज' म्हणून सोडणे हाच अभ्यास.

गोव्यातली रिवणची आणि लामगावची बौद्ध लेणी पाहिलेल्यांना हे कळेल. तीही पाण्याच्या, गावाच्या जवळच कोरली आहेत. भिक्षा मागायला चालत जाता यायला हवे होते. गोव्यात बौद्ध काही नाही असे म्हणणाऱ्यांना सांखवाळची आठवण द्यावी लागते: पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी तिथे 1876 साली जन्मले.

दहावा

सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचे भले चिंतण्याची साधना, मग मौन सुटले. अर्ध्या तासात आवाज चढतात, दुपारी घसा बसतो, आणि संध्याकाळच्या बैठकीत कुणाचेही मन जागेवर नसते. म्हणून फोन आज लगेच देत नाही.

उद्या साडेसातपर्यंत सगळे निघतील. उश्यांचे अभ्रे आत्ताच धुऊन चुलीच्या वर दोरीला टाकले आहेत. बाहेर वाळायला निदान तीन दिवस लागतील.