शून्याची रेघ जरा ठळक काढा ना

मागच्या वर्षी गावातल्या एका बैठकीसाठी मी पावसाचा चार्ट केला होता, देशभरातला मान्सून सरासरीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी, दर वर्षाचा एक बार, जास्तीचे निळे आणि तुटीचे तपकिरी. लॅपटॉपवर छान दिसत होता. वाटायला म्हणून झेरॉक्स काढल्या आणि तिथं घोळ झाला. रंग गेले, आणि आडव्या रेघा सगळ्या एकसारख्या करड्या, +१० ची कुठली, शून्याची कुठली, -१० ची कुठली काही कळेना. एक काका कागद डोळ्यांजवळ धरून एका रेघेवरून बोट फिरवत होते, ती नेमकी -१० ची रेघ होती. २०१४ चा बार त्यांना त्या रेघेवर उभा दिसला, म्हणाले, "मग ह्या साली जास्त झाला होय पाऊस?" त्या साली तर १२ टक्के तूट होती! काकांचं काहीच चुकलं नव्हतं, कागद तसंच सांगत होता.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. बार चार्टमध्ये आपण उंची वाचतो, आणि उंची कुठून मोजायची हेच दिसत नसेल तर बाकी सगळं वाया. मान्सूनचेच आकडे घ्या, २०१५ ला सरासरीच्या ८६ टक्के, २०१९ ला ११० टक्के. हे बार शून्यापासून काढले तर दोन्ही जवळपास सारखेच वाटतात, म्हणून लोक काय करतात तर अक्ष ८० पासून सुरू करतात, मग एक बार ६ चा होतो आणि दुसरा ३० चा, म्हणजे डोळ्याला पाचपट, खरा फरक सव्वापटीच्या जरासा वर. आकडे जवळजवळ असले की एक्सेलही कधीकधी न विचारता असं करून ठेवतं, त्यामुळे अक्ष कुठून सुरू झालाय ते दर वेळी बघायचंच. त्यापेक्षा सरळ -१४ आणि +१० असे बार काढावेत, सरासरी हेच शून्य. पण मग ते शून्य म्हणजे "पाऊस नाही" असं कुणाला वाटू नये म्हणून रेघेच्या टोकाला "सरासरी, ८७ सेंमी" असं लिहायलाच हवं, हे मला फार उशिरा सुचलं.

आता मी काय करतो, तर बाकीच्या ग्रिडलाइन एकदम फिकट आणि बारीक, शक्यतो तीन-चारच, आणि शून्याची रेघ काळी, दोन पॉइंट जाड. एक्सेलमध्ये वर्षांची नावं शून्याच्या रेघेलाच चिकटतात आणि खाली जाणाऱ्या बारवर चढून बसतात, तेव्हा अक्षाच्या सेटिंगमध्ये लेबल पोझिशन "लो" करायची, नावं तळाला जातात आणि रेघ मोकळी होते. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधून चार्ट काढायची लायब्ररी) शून्यावर वेगळी रेघ मारावी लागते, ती एरवी आपोआप बारच्या वरच येते. बारमध्ये नुसत्या रंगाऐवजी तुटीला तिरक्या रेघा भरतो, झेरॉक्समध्ये तेच टिकतं.

लाइन चार्टला मात्र हा हट्ट नको, पुण्याचं रोजचं तापमान शून्यापासून काढून काय मिळणार, सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठायची खूण, तिथं उंची नाही, चढउतार बघायचा असतो.

एक गोष्ट अजून जमत नाहीये. देशाच्या पावसात ९६ ते १०४ टक्के हे "सामान्य" धरतात, तेवढा पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना फिकट करडा द्यावा असं मनात आहे, पण झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर तो गडद आला तर रेघ त्यातच बुडणार, म्हणून उद्या आधी एकच कॉपी काढून बघतो.