किती राहिले, ताई?

ऑक्टोबर २०२१ मध्ये, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर लिहिली. एका क्रेडिट कार्डाचे १,१२,००० रुपये, दुसऱ्याचे ६४,०००, वैयक्तिक कर्जाचे उरलेले २,४०,०००, सासूबाईंच्या पाटल्या बँकेत तारण ठेवून घेतलेले ९०,००० आणि चुलत दिरांकडून हातउसने घेतलेले ४०,०००. बेरीज ५,४६,००० झाली. ती खरी नव्हती, कारण मोबाइलच्या अ‍ॅपवरून घेतलेले १४,००० मी यादीत लिहिलेच नव्हते. कागद मी एकटीच पाहणार होते, तरीही ती ओळ लिहायला हात धजावला नाही.

हे कर्ज चैनीतून झालेले नव्हते, असे सांगण्याचा मोह होतो, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. २०२० च्या टाळेबंदीत यजमानांची नोकरी गेली, पाठोपाठ सासरे रुग्णालयात दाखल झाले, आणि किराण्यापासून मुलाच्या शाळेच्या शुल्कापर्यंत सगळे कार्डावर जाऊ लागले. परंतु त्यात माझ्या अज्ञानाचाही वाटा होता. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. ती मुभा म्हणजे सूट आहे, अशी मी समजूत करून घेतली. हप्ता थांबला होता, पण व्याज थांबले नव्हते.

त्याहून मोठी चूक म्हणजे कार्डाच्या बिलावर छापलेली 'किमान देय रक्कम' भरून निर्धास्त राहणे. मी भोसरीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचचे कागद सांभाळते, रोज दोन-तीनशे आकडे माझ्या नजरेखालून जातात. पण हा साधा हिशेब मी वर्षभर केला नव्हता. माझ्या कार्डांवर महिना साडेतीन टक्के व्याज होते. म्हणजे एक लाखाच्या थकबाकीवर महिन्याला ३,५०० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये, असे एकूण ४,१३० होतात. किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये. ते पाच हजार भरून कर्ज कमी होते फक्त ८७० रुपयांनी. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही; त्याच कार्डावर घेतलेल्या तेलाच्या पिशवीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते.

सासूबाईंना यादीतले अर्धेच ठाऊक होते आणि यजमानांना पाऊण. त्या एकदा म्हणाल्या, "तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तसे काही होत असते तर बरे झाले असते." देहू आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात अधूनमधून निघते. पण तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून आपल्याला येणे असलेल्या रकमांची खते, आणि तीही भावाचा वाटा त्याला देऊन, फक्त स्वतःच्या वाट्याची. आमच्या कागदांवर देणेकरी म्हणून आमचेच नाव होते. ते बुडवायला नदी कुठून आणणार?

मार्ग निघाला तो कारखान्याच्या कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेतून. तिचे कर्ज वर्षाला बारा टक्क्यांनी आणि घटत्या बाकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच व्याज लावून मिळते. १,७६,००० रुपये घेऊन दोन्ही कार्डे एकदम फेडायची, असे मी ठरवले. कार्डांवर त्या रकमेला महिन्याला ७,२०० हून अधिक व्याज आणि कर लागत होता. पतसंस्थेत पहिल्या महिन्याचे व्याज १,७६० रुपये होणार होते. हा आकडा मी तीन वेळा तपासला. कार्ड कंपनीकडून तडजोडीचाही फोन आला होता, की अमुक रक्कम एकरकमी भरा, उरलेले सोडून देतो. परंतु तसे केल्यास कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात खाते 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसते आणि पुढे कर्ज मागताना ते आडवे येते, म्हणून मी तिकडे गेले नाही.

अडचण एकच होती. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात, तेही संस्थेचेच सभासद, म्हणजे ज्यांच्यासोबत आपण रोज डबा खातो तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार कर्जदाराने लिहून दिल्यावर मालकाला हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरावा लागतो. तरीही कर्जदाराची नोकरीच गेली किंवा त्याने हात वर केले, तर संस्था जामीनदाराच्या दाराशी जाते. त्यामुळे 'जरा सही करता का' असे म्हणून ती मिळत नाही आणि मिळूही नये. कशासाठी, किती आणि आणखी कुठे किती, हे सांगावेच लागते.

पहिली सही माझ्या विभागातल्या मैत्रिणीने दिली. दुसऱ्यासाठी ज्यांच्याकडे गेले त्यांनी स्पष्ट नकार दिला. ते म्हणाले की भावाला जामीन राहून त्यांनी दोन वर्षे पगार कापून घेतला होता. मला त्यांचा राग आला, आणि तो चुकीचा होता. शेवटी मी स्टोअरमधल्या काकांकडे गेले. त्यांची निवृत्ती अडीच वर्षांवर आली होती. त्यांनी यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "ताई, हे सगळे धरून तुमचा महिना बसत नाही. अजून एक ओळ आहे का?"

मी तिथेच, खोक्यांच्या रांगेत उभी राहून, अ‍ॅपच्या १४,००० रुपयांविषयी सांगितले. रात्री नऊ वाजता येणारे फोन, माझ्या मोबाइलमधले नंबर काढून माझ्या मावशीला केलेला फोन, सगळे सांगितले. वसुलीसाठी अवेळी फोन करून कर्जदाराला छळायचे नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मला काकांकडून कळला. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने ग्राहकाच्या फोनमधल्या संपर्कयादीला हात लावू नये, असे निर्देश सप्टेंबर २०२२ मध्ये आले. तोवर आमचे ते देणे फिटले होते. काकांनी ती ओळ स्वतःच्या पेनाने यादीत लिहिली, बेरीज ५,६०,००० अशी दुरुस्त केली आणि सही केली. एक अट मात्र घातली, की दर महिन्याच्या सात तारखेला, पगार झाला की, किती राहिले ते त्यांना सांगायचे.

या काळात धीर देणारी माणसे मला पुष्कळ भेटली. 'होईल सगळे नीट', 'देव आहे', 'आमच्याकडेही असेच झाले होते', हे सगळे प्रेमाने म्हटलेले असे, पण ते ऐकून घरी आल्यावर काहीच बदललेले नसे. काकांनी धीर असा कधी दिला नाही. ते फक्त सात तारखेला चहाच्या टपरीवर विचारत, "किती राहिले, ताई?" आणि मी आकडा सांगे. त्यांची सही अडकलेली होती, म्हणून त्यांच्या विचारण्याला वजन होते. आणि उत्तर द्यायचे आहे हे ठाऊक असल्यामुळे वीस तारखेला ऑनलाइन सेल लागला तरी माझा हात आखडत असे. निर्धार वगैरे शब्द मला मोठे वाटतात. मला फक्त त्या टपरीवर खोटे बोलायचे नव्हते.

घरातही मी तो आकडा उघड्यावर आणला. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहिलेला असतो, त्यातच सात तारखेच्या चौकटीत 'दीड लिटर'च्या खाली पेन्सिलीने उरलेली रक्कम लिहू लागले. पहिल्या महिन्यात मुलाने विचारले, "आई, एवढे दूध?" सासूबाई हसल्या आणि मग त्यांनी स्वतःच त्याला समजावून सांगितले. त्या दिवसापासून यजमानांना ठाऊक असलेले पाऊण आणि सासूबाईंना ठाऊक असलेले अर्धे, दोन्ही पूर्ण झाले.

आधी काय फेडायचे, याचे गणित सरळ आहे: ज्याचे व्याज जास्त, ते आधी. मी ते पूर्णपणे पाळले नाही. अ‍ॅपचे पैसे डिसेंबरातच टाकले, ते गणितातही बसणारे होते. परंतु त्यानंतर सोन्यावरच्या कर्जाचे फक्त व्याज भरून दरवर्षी नूतनीकरण केले आणि दरमहा २,००० रुपये चुलत दिरांना दिले, ज्यांच्या पैशाला व्याजच नव्हते. तोंड दाखवायची लाज म्हणून आम्ही त्यांच्या मुलीच्या बारशाला गेलो नव्हतो. पहिले दोन हजार घेऊन गेलो तेव्हा भावजींनी ते न मोजता देवासमोर ठेवले आणि वहिनींनी पोहे केले. सोन्यावर थोडे व्याज जास्त गेले असेल. ते मी त्या पोह्यांचे बिल समजते आणि तसे समजण्यात मला काही चूक वाटत नाही.

जून २०२३ मध्ये घसरण झाली. एक कार्ड मी 'अडीअडचणीला असू दे' म्हणून बंद केले नव्हते. शाळेचे शुल्क, पुस्तके आणि स्कूटरची दुरुस्ती एकाच पंधरवड्यात आली आणि कार्डावर ११,००० रुपये चढले. जुलैच्या सात तारखेला मी टपरीवर गेले नाही. आठवडाभर चहाची वेळ बदलून उशिरा जाऊ लागले, आणि कोणाला चुकवण्यासाठी वेळ बदलण्याचे माझे हे जुने कौशल्य किती तयार आहे, हे पाहून मलाच भीती वाटली. काका एकदा माझ्या टेबलाशी आले, चलन ठेवले आणि म्हणाले, "वाढला असला तरी सांगायचा. मला आकडा माहीत हवा, एवढेच." मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि बोल्टच्या पेट्यांविषयी बोलू लागले. दोन महिन्यांत ते अकरा हजार फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. असा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढावा लागतो, हे तोवर मला ठाऊक झाले होते. बाकी शून्य असल्याचे पत्रही आठवणीने मागून घेतले.

काका ३१ मे २०२४ ला निवृत्त होणार होते. पतसंस्थेचा नियम असा की निवृत्त होणाऱ्या जामीनदाराच्या जागी नवा जामीनदार द्यावा किंवा कर्ज फेडावे. ठरल्याप्रमाणे माझे हप्ते डिसेंबर २०२४ पर्यंत चालणार होते आणि मेअखेर सुमारे ३९,००० रुपये उरणार होते. नवा जामीनदार मिळाला असता. तोवर माझी पत तेवढी झाली होती. पण तसे करावेसे वाटले नाही. दिवाळीचा बोनस बाजूला ठेवला, शेजारणींच्या साड्यांना पिको-फॉल करून दिले आणि एप्रिलच्या शेवटी बाकी भरली. बेबाकी दाखल्याची प्रत घेऊन मी स्टोअरमध्ये गेले, तेव्हा ते साठ्याच्या वह्या पुढच्या माणसाच्या ताब्यात देत होते. त्यांनी दाखला पूर्ण वाचला आणि विचारले, "आणि बाकीचे किती राहिले?"

वैयक्तिक कर्ज ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले. सासूबाईंच्या पाटल्या जून २०२५ मध्ये बँकेच्या सील केलेल्या पिशवीतून घरी आल्या; त्यांनी त्या हातात घातल्या, सैल होतात म्हणून काढल्या आणि डब्याच्या कपाटात ठेवून दिल्या. काकांना मी फोन करून शून्य सांगितले.

मागच्या सोमवारी पॅकिंगमधला एक मुलगा माझ्याकडे हमीपत्र घेऊन आला. त्याची यादी मी दोनदा वाचली आणि त्याचा पगार मला ठाऊक आहे. सही अजून केलेली नाही. राहिलेली ओळ लिहून तो शनिवारी पुन्हा येणार आहे.