आमची वाटचाल: पाण्याच्या टाक्यांपासून बोटींच्या तळापर्यंत

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. कागदोपत्री आम्ही एफआरपीवाले (काचेच्या धाग्यांनी बळकट केलेलं प्लास्टिक), पण गिऱ्हाईक फायबरवालेच म्हणतं. धंदा वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, उभा केला. पाण्याच्या टाक्या, पत्र्याच्या जागी बसणारे पारदर्शक शीट, मंगल कार्यालयाच्या कमानी, असं मिळेल ते काम त्यांनी घेतलं. पुढे साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांची कामं मिळायला लागली. रसायनाच्या टाक्यांना आतून फायबरचं लायनिंग करायचं, ही आमची खरी शाळा. तात्यांचं तिथलं एक वाक्य आजही वर्कशॉपमधला प्रत्येक जण म्हणतो: "टाकी भिंतीत गळत नाही, भिंतीतून पाइप जिथं आरपार जातो तिथं गळते." टाकी बघायला गेलो की तात्या आधी नोझलपाशी, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडापाशी, हात फिरवायचे, भिंतीकडे मग बघायचे.

बोटींचं काम आम्हाला बामणोलीनं दिलं. कास पठार ओलांडून खाली उतरलं की कोयना धरणाचा शिवसागर जलाशय लागतो, बामणोली गाव त्याच्याच काठावर. कोयना धरण 1964 मध्ये पूर्ण झालं, 105 टीएमसीचा साठा झाला आणि काठच्या गावांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले. तेव्हापासून पलीकडं जायचं म्हणजे होडी किंवा लाँच. तापोळ्याला तर जीपगाड्याही तराफ्यावर चढवून पलीकडं नेतात. वासोटा किल्ल्याला जाणारे बरेच ट्रेकर बामणोलीहून बोटीनं जातात. लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या बोटी येऊ लागल्या, तेव्हा दुरुस्तीला माणूस लागायला लागला. खडकावर घासून गेलेला तळ, पट्टा उखडलेला काठ, इंजिनाच्या बैठकीला गेलेली चीर, अशी ती कामं. आम्ही पिकअपमध्ये रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव), मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि जनरेटर टाकून काठावरच काम करायचो. पैसा बेताचा होता, पण माणसं चांगली मिळाली.

मग आमचा रस्ता बदलणारं काम आलं. जलाशयाच्या काठावरच्या एका मालकांनी किनारपट्टीवरून एक जुनी केबिनची बोट विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून घाटातून वर आणली. समुद्रावर चाललेली बोट. पुढच्या बाजूला छोटं न्हाणीघर, त्यात हातपंपाचा मरीन संडास. मालक वयानं मोठे, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी बोट दाखवली आणि सरळ सांगितलं, "हे काढून टाका. ह्या पाण्यात मी घाण सोडणार नाही. खाली माणसं पितात हे पाणी."

आबांचं म्हणणं भूगोलानंच खरं ठरवलंय. धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पोफळीला जातं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणकडं उतरतं. उरलेलं नदीनं कऱ्हाडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं सांगलीला जातं. दोन्हीकडं शेवटी कुणाचा तरी नळ आहेच. समुद्रात मोठ्या जहाजांसाठी मार्पोल कराराचे नियम आहेत: प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पलीकडंच सोडायचा. जलाशयात बारा मैल लांब जाणार कुठं? जिथं सोडाल तिथं काठ जवळच आहे.

मरीन संडासाची रचना वाचकाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. घरच्या संडासाला वरून टाकीचं पाणी येतं. ह्याला पाणी बोटीच्या तळातून येतं. तळाला दोन भोकं असतात. एका लहान भोकातून, साधारण पाऊण इंची, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दीड इंची भोकातून सगळं बाहेर जातं. प्रत्येक भोकात आरपार जाणारं फिटिंग, आतून त्यावर कॉक, कॉकवर होज, म्हणजे जाड नळी. म्हणजे पाण्याच्या पातळीखाली बोटीला मुद्दाम पाडलेली दोन भोकं, आणि बोट व बुडणं यांच्यामध्ये प्रत्येक भोकाला फक्त एक कॉक आणि दोन क्लिपा. पाण्याखाली दोन फुटांवर 38 मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. संडासाचं भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल आणि होजला वर नेऊन हवा घेणारा वळसा दिलेला नसेल, तर नुसता कॉक उघडा राहिला तरी पाणी सायफननं आपोआप आत भरत राहतं. धक्क्याला बांधलेली बोट रात्रीत बुडते ती बऱ्याचदा अशीच.

बोट पाण्याबाहेर काढूनच आम्ही कामाला हात लावला. पाण्यात असताना कॉकवर विश्वास ठेवून होज सोडवायची नाही, हा आमचा तेव्हापासूनचा नियम. बोटीत मैला साठवायची टाकीही होती, ती आधी सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीनं रिकामी करून घेतली, स्वच्छ पाणी दोन-तीनदा फिरवलं, केबिनच्या खिडक्या-दारं उघडून पंखा लावला. बंद होजमध्ये साठलेला वायू छोट्या केबिनमध्ये अंगावर येतो, तिथं माणूस एकटा पाठवायचा नाही.

मोठ्या कॉकचा दांडा फिरवायला गेलो तर तो हातातच आला. तुटलेल्या जागी धातू पिवळा नव्हता, गुलाबी होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर भुगा पडला. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागं तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो. बाहेरून हिरवट रंगाखाली सगळं ठीक दिसत होतं. ह्याच कॉकवर ती बोट कित्येक वर्षं समुद्रात उभी होती. होज कापली तर आत मूत्र आणि खाऱ्या पाण्याचा चुन्यासारखा घट्ट थर, अंगठा जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली.

भांडं, पंप, टाकी, होज सगळं बाहेर काढलं. आता प्रश्न भोकांचा. आबांना त्या आधी कुणीतरी सुचवलं होतं की कॉक बंद करून वर टोपी आवळा, झालं. दुसऱ्यानं सांगितलं, भोकात सिमेंट भरा. सिमेंट फायबरला धरत नाही आणि तळ लवचिक असतो. लाटेवर तळ वाकला की सिमेंटची गोळी सैल होते. टोपीनं भागतं, पण हंगामापुरतं. फिटिंग राहिलं की त्याचा वॉशर, त्याचं सीलंट, त्याखालची प्लायवूडची पट्टी सगळं राहतं, आणि दर वर्षी कुणीतरी वाकून बघायचं काम राहतं. भाड्यानं चालणाऱ्या बोटीत ते वाकून बघणं दोन वर्षांत थांबतं. म्हणून आम्ही म्हणालो, भोकच ठेवायचं नाही. तळ पुन्हा अखंड करायचा.

फिटिंग बाहेरून ग्राइंडरनं कापलं. बाहेरची फ्लँज, म्हणजे रुंद कडा, घासून काढली की बाकीचं बाहेरून ठोकून आत निघतं. गंजलेल्या चेकनटशी झटापट करत तळ हलवण्यापेक्षा हे बरं. आतली प्लायवूड काळी पडून भिजलेली होती, तीही सोलून काढली. मग भोकाच्या कडेचं फायबर सुकू दिलं. सुकलं का हे बघायला आम्ही पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून उन्हात ठेवतो. आतून बाष्प धरलं तर अजून थांबायचं. हा थांबायचा काळ गिऱ्हाइकाला सर्वांत जड जातो आणि आम्ही तिथं कधीच तडजोड केली नाही. ओल्या कडेवर चढवलेला थर चिकटल्यासारखा दिसतो आणि पुढच्या हंगामात उचलतो.

खरं कौशल्य उतारात आहे. भोकाच्या आकाराची चकती कापून बसवली तर ती फक्त कडेला धरते. आम्ही भोकाभोवती बाहेरून उतार घासतो, जाडीच्या बारापट. त्या बोटीचा तळ 9 मिलिमीटरचा होता, म्हणजे भोकाच्या कडेपासून सगळीकडं 108 मिलिमीटर. फिटिंग निघाल्यावर उरलेलं 50 मिलिमीटरचं भोक बंद करायला साडेदहा इंचांचं वर्तुळ घासावं लागलं. आबा शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे, भोक बुजवायला आणलंय, मोठं करायला नाही." पण पहिल्या थराचं कापड त्या उतारात बसलं तेव्हा त्यांना ते पटलं. सगळ्यात मोठा तुकडा आधी, त्यावर त्याहून लहान, असं भाकरीच्या चवडीसारखं रचत जायचं. मोठा तुकडा पूर्ण उताराला धरतो, आणि शेवटी घासून सपाट करताना त्याचे धागे कापले जात नाहीत. आतल्या बाजूलाही भोकापेक्षा मोठा पट्टा चढवतो.

रेझिन इपॉक्सीच. टाक्यांच्या कामात आम्ही आयुष्यभर पॉलिएस्टर वापरलं, आजही वापरतो. पण जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर नवीन थर चढवायचा असेल तर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, आणि पाण्याखालच्या भोकाला पैसे वाचवायची जागा नाही. घासायच्या आधी अॅसिटोननं पुसायचं, नंतर घासायचं, मग पुन्हा पुसायचं. आधी न पुसता घासलं तर मेण आणि तेल ग्राइंडरच आत दाबून बसवतो. थर एका दमात सगळे चढवायचे नाहीत, जाड थरात रेझिन तापतं. इपॉक्सी सुकल्यावर वर चिकट पापुद्रा येतो, तो साध्या पाण्यानं घासून धुवायचा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. मुलांना मी हे सगळं तोंडी न सांगता हातानं करायला लावतो. हाताचं बोट लावून बघितल्याशिवाय त्या पापुद्र्याचा बुळबुळीतपणा कळत नाही.

गोड्या पाण्याचं एक वेगळं दुखणं आहे. लोकांना वाटतं खारं पाणी फायबरला वाईट. धातूला ते वाईट असतंच, पण तळाला येणारे फोड गोड्या पाण्यात जास्त लवकर येतात, कारण त्या पाण्याला जेलकोटमधून (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) आत झिरपायची ओढ जास्त असते. म्हणून बंद केलेल्या जागेवर इपॉक्सीचे अडवणारे हात आम्ही जास्त देतो आणि मगच रंग. समुद्रावरून आलेल्या बोटीला हे सांगावंच लागतं.

काम झालं तेव्हा तळावर हात फिरवून जागा सापडत नव्हती. आबांनी हातोडीच्या मुठीनं टकटक करून बघितलं, सगळीकडं एकच भरीव आवाज. बोट पाण्यात सोडल्यावर आम्ही आत बसून राहिलो, केबिनच्या फळ्या उचलून तळ कोरडा आहे ना हे बघत.

पण संडास काढला म्हणजे माणसाची गरज संपत नाही. सहलीला बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं येतात. दिवसभर पाण्यावर राहून काठावर झुडपामागं जायला लावणं हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे, आणि घाण पुन्हा पाण्याजवळच. आबांच्या बोटीत आम्ही त्याच जागी पोर्टेबल संडास बसवला. वर पाण्याची छोटी टाकी, खाली सुमारे 20 लिटरची मैल्याची पेटी. पेटी क्लिप सोडवून निघते, काठावरच्या सेप्टिक टँकच्या संडासात रिकामी करायची. तळाला एकही भोक नाही. बोट डुलली तरी सरकू नये म्हणून फायबरचं बैठक-खोबणं आम्ही घडवून दिलं. पेटीत घालायचं औषध फॉर्मेलिनचं नको, त्यानं सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मरतात, एवढं लिहून दारामागं चिकटवलं.

ह्या एका कामानं आमची ओळख बदलली. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा, आणि पुढं उजनी, पानशेतच्या काठावरूनही विचारणा आली. सगळीकडं संडास नव्हता, पण नको असलेली भोकं होती: बंद पडलेल्या पंपाचं, काढून टाकलेल्या खोलीमापकाचं, जुन्या इंजिनच्या पाण्याचं. धाकट्या भावानं बोटींची बाजू पूर्ण घेतली. तो बोट बघायला गेला की आधी कॉक आणि भोकांची यादी करतो, प्रत्येकावर खडूनं खूण करतो आणि मालकाला विचारतो, "हे कशाला आहे, सांगा." उत्तर आलं नाही की ते भोक बंद करायच्या यादीत. टाकीची हवा जाणारं वरच्या बाजूचं बारीक फिटिंगही त्यात धरतो. ते पाण्याच्या वर दिसतं म्हणून लोक सोडतात, पण माणसं जास्त बसली की बोट खाली दबते आणि तेही पाण्यात जातं. विजेची जुनी वायरही लोंबकळत ठेवत नाही, फ्यूजपर्यंत मागं जाऊन काढतो.

दराबद्दल आमच्याशी भांडणारे आहेत. दोन दिवसांत करून द्या म्हणणारेही आहेत, आणि तसं करून देणारेही कुणी मिळतात. एका मालकांनी दुसरीकडं अशीच घाईत चकती बसवून घेतली होती, पुढच्या हंगामात ती सैल झाली आणि बोट काठाजवळ होती म्हणून निभावलं. ती आम्ही पुन्हा उघडून केली. अर्धं काम पक्कं म्हणून आम्ही देत नाही. टोपी आवळून द्या म्हटलं तर देतो, पण पावतीवर 'तात्पुरतं, दर महिन्याला तपासा' असं मोठ्या अक्षरात लिहूनच.

वर्कशॉपमध्ये आज टाक्या आणि लायनिंगचंच काम जास्त आहे, घर त्यावर चालतं. बोटींचं काम फेब्रुवारी ते मे एवढंच. तेव्हा जलाशयाचं पाणी उतरतं, बोट काठावर ओढून लाकडी पाटांवर बसवता येते, ऊन असतं आणि फायबर सुकतं. जूनमध्ये महाबळेश्वरच्या बाजूनं पाऊस सुरू झाला की त्या हवेत आम्ही पाण्याखालचा थर चढवत नाही, कितीही निकड असली तरी. बोट आमच्याकडं द्यायची असेल तर दिवाळीनंतर एकदा कळवा, तळाचे आणि आतल्या कॉकचे फोटो पाठवा, आणि तुमच्याच हातानं एकेक कॉक फिरवून बघा. फिरत नसेल तर जोर लावू नका. बोट पाण्यात असताना तर अजिबात नको.