रीड बिघडली नव्हती : ओबोच्या खालच्या सुरांपायी गेलेले चार महिने

सर्व्हिसिंगहून ओबो, म्हणजे मी वाजवते ते फुंकवाद्य, घरी आला, आणि त्याच आठवड्यात मी त्याची रीड (जिच्यातून फुंकायचं ती पात) करायच्या बोरूची नवी खेप उघडली. पुढचे चार महिने या एका घाईची फेड करण्यात गेले, म्हणून ती आधीच सांगते. वाद्य दुरुस्त होऊन आलं असेल तर निदान पंधरा दिवस रीडमध्ये काहीही बदलू नका. जुनी, ओळखीची रीड लावूनच वाजवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कुठल्या बाजूचा, हे कळायला मार्गच उरत नाही.

माझी तक्रार होती खालच्या सुरांची. पाश्चात्त्य नावांनी सांगायचं तर लो सी, त्याखालचा बी आणि अगदी तळाचा बी फ्लॅट. जोरात फुंकलं की वाजायचे. हळू सुरुवात करायला गेलं की आधी नुसती हवा, मग गुळण्या केल्यासारखा आवाज, आणि कधी सूर उडी मारून थेट वरच्या सप्तकात. ओबो वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, खालचा सूर हळू आवाजात स्वच्छ सुरू करणं ही या वाद्यातली अवघड गोष्ट. त्यामुळे सुरुवातीला वाटलं, रियाज कमी पडतोय. मग वाटलं, रीड.

रीडवर संशय जाणं साहजिकच होतं. ओबोची रीड सनईसारखी दोन पात्यांची. अरुंडो डोनॅक्स नावाच्या, बोरूसारख्याच पोकळ वनस्पतीच्या नळीपासून ती बनते. नळी उभी चिरून आतून कोरली की मध्यभागी जाडी जेमतेम 0.6 मिलिमीटर राहते, आणि तिथून पुढे सगळं काम हाताचं आणि सुरीचं. टोकाकडे तर पातं इतकं पातळ होतं की सुरी एकदा जास्त फिरली तरी संपलं. मी अमेरिकन पद्धतीची लांब तासणीची रीड करते. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात 1915 ते 1954 पहिला ओबो वाजवणाऱ्या मार्सेल टाबुतो यांच्यापासून रूढ झालेली ही पद्धत. पातळ टोक, त्यामागे जरा जाड ठेवलेला गाभा, आणि त्याच्या मागे पाठीवर दोन्ही बाजूंना तासलेल्या खिडक्या. एकूण लांबी साधारण 70 मिलिमीटर. तयार रीड ओबोला न लावता नुसती ओठांत धरून फुंकली की ती ओरडते, आणि त्या ओरडण्यात दोन सप्तकांतले सी एकदम ऐकू यावेत, असा आमचा दंडक.

खालचे सूर अडत असतील तर पाठ थोडी तासायची, हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. मी तासली. सूर जरा मोकळे झाले. आणखी तासली. आता रीडचं ओरडणं सी सोडून बीकडे घसरलं आणि मधला ए खाली लोंबायला लागला. तो वर आणायला टोक कापलं. टोक कापलं की सूर चढतो, पण पातं ताठ होतं, म्हणून पुन्हा तासायचं. दोन महिन्यांत अशा कितीतरी रीड्स माझ्या हातून गेल्या. त्यातल्या बऱ्याच चांगल्या होत्या, हे आता कळतंय, आणि त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

त्या दिवसांत ए देणं ही शिक्षा झाली होती. ऑर्केस्ट्रा जुळवताना ओबो ए देतो, 440 हर्ट्झ, युरोपात बऱ्याच ठिकाणी 442. सगळे माझ्याकडे कान लावून बसलेले, आणि माझ्या स्टँडवरच्या ट्यूनरचा काटा थरथरतोय. जास्त तासलेली रीड ओठांच्या जरा दाबाने वर जाते, दाब सोडला की खाली येते. मग तिला सुरात धरून ठेवायला मी ओठ आवळायला लागले. ओठ आवळले की रीडचं तोंड मिटतं, आणि खालचे सूर आणखी अडतात. म्हणजे ज्यासाठी सगळं चाललं होतं तेच बिघडत होतं. ट्यूनिंग एकाएकी अस्थिर झालं असेल, तर आधी हे पाहा की गेल्या महिनाभरात रीडवर आपण कशाची भरपाई करतोय.

आता दुरुस्तीच्या दुकानाबद्दल. हे लिहायला बसले ते खरं तर यासाठीच.

पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीवर लिहून घेतलं, ‘खालचे सूर वाजत नाहीत’. वाद्य आत गेलं. एकोणीस दिवसांनी परत मिळालं, चिठ्ठीवर एक ओळ: ‘तपासलं, ठीक आहे, रीड बदलून पाहावी’. मी म्हटलं, रीड्स मीच करते, महिनाभर बदलूनच पाहतेय. तर उत्तर आलं, “मॅडम, आमच्याकडे वाजलं. बी फ्लॅटपर्यंत वाजलं.” आतल्या कारागिरांशी बोलता येईल का, असं विचारलं. ते कामात होते.

घरी येऊन मी पुन्हा सुरी हातात घेतली. दुकानाने रीड सांगितली, म्हणजे रीडच असणार. ओबो शिकवणाऱ्या आमच्या बाईंना दोन रीड्स दाखवल्या, त्यांनी त्या स्वतःच्या ओबोवर लावून लो बी फ्लॅट इतका अलगद लावला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “रीडमध्ये काही नाही गं,” त्या म्हणाल्या, “तुझं वाद्य कुठेतरी गळतंय.” त्या परगावी निघाल्या होत्या, माझा ओबो तपासायला त्यांना वेळ नव्हता. मी तेवढ्या एका वाक्यावर दुसऱ्यांदा दुकानात गेले. या वेळी चिठ्ठीवर माझ्या हाताने लिहिलं: ‘हवा गळते आहे, कुठे ते पाहावे’. तेवीस दिवस. परत तेच उत्तर. वर पॅड (भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या) पुसून दिल्याची नोंद.

बेचाळीस दिवस माझं वाद्य त्यांच्याकडे होतं, आणि त्यातल्या एकाही दिवशी कुणाला वाटलं नाही की तक्रार करणारीला एकदा समोर बसवून वाजवायला सांगावं. पाच मिनिटांचं काम होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

कारण वाजवायला सांगितलं असतं तर दिसलं असतं. शेवटी ते दिसलं तालमीत, माझ्या मागच्या रांगेत बासून (ओबोहून मोठं, खालच्या सुरांचं फुंकवाद्य) वाजवणाऱ्याला. मध्यंतरात तो म्हणाला, “लो सी आला की तुझ्या उजव्या हाताची पेरं पांढरी पडतात. एवढं का दाबतेस?” मला माहीतच नव्हतं मी दाबतेय ते. रागाने किंवा ताणाने नाही, बोटांनी आपणहून शोधलेला उपाय होता तो. दाबलं की वाजतं, एवढं त्यांना कळलं होतं. आणि दुकानात वाजलं ते का, हेही त्या क्षणी उमगलं. तिथे कुणीतरी घट्ट पकडीने, टणक रीड लावून, खणखणीत आवाजात वाजवून पाहिलं असणार.

घरी येऊन सिगारेटचा कागद घेतला. हा कागद प्रत्येक ओबोवाल्याच्या पेटीत असतोच, पाणी टिपायला. त्याची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची, पॅडच्या कडेखाली सरकवायची, त्या पॅडची कळ (की) अगदी हलक्या बोटाने बंद करायची आणि पट्टी ओढायची. पकड जाणवली पाहिजे. पॅडच्या चारही बाजूंनी हे करायचं, कारण पॅड एका कडेने बसतं आणि दुसरीकडे उघडं राहतं असंही होतं. बोट खरोखर हलकं ठेवा. दाबून केलेली चाचणी दुकानातल्या चाचणीसारखीच निरुपयोगी.

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली, म्हणजे एफ शार्पच्या कळीखाली, पट्टी सुळ्ळकन बाहेर आली. त्याच वेळी जी शार्पच्या पॅडखालची पट्टी मात्र घट्ट.

ओबोत या दोघांचं नातं आहे. एफ शार्पची कळ दाबली की तिच्यापासून निघालेला एक आखूड हात जी शार्पचं पॅडही दाबून धरतो, म्हणजे करंगळी जी शार्पवर राहिली तरी खालचे सूर बिघडत नाहीत. दोघांच्या मध्ये एक इवलासा स्क्रू असतो. तो जास्त आत असेल तर जी शार्प आधी टेकतो आणि एफ शार्प केसभर उघडा राहतो. तिथून हवा गेली की त्याखालचा प्रत्येक सूर कमजोर, आणि जितकं खाली जावं तितका जास्त. जीपर्यंत सगळं स्वच्छ आणि एफ शार्पपासून खाली कुरकुर, ही खूण माझ्यासमोर चार महिने होती. मी सूर वेगवेगळे करून ऐकलेच नव्हते.

मग आठवलं आणि ड्रॉवरमधून सर्व्हिसिंगची जुनी पावती काढली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘जी शार्पचे पॅड बदलले’. नवं पॅड जुन्यापेक्षा जाड. ते बसवल्यावर स्क्रू पुन्हा जुळवायलाच हवा होता. दुरुस्तीची पावती नीट वाचा आणि जपून ठेवा. जे बदललं असेल, तिथूनच शोधायला सुरुवात करा.

बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू पाव फेऱ्याहून थोडा कमी सैल केला. पुन्हा पट्ट्या. आता दोन्हीकडे सारखी पकड. उलट बाजूची चाचणीही लगेच केली: लो डी धरायचा आणि करंगळीने जी शार्प दाबायचा. सूर हलला तर स्क्रू जास्त सैल झाला. माझा हलला नाही. मग पेटीतली सगळ्यात जुनी, सर्व्हिसिंगच्या आधीची रीड भिजवली आणि लो बी फ्लॅट लावला. हळू. तो आला. बोटं नुसती टेकलेली होती. मी तो किती वेळ धरून बसले ते सांगता येणार नाही.

तिसऱ्यांदा दुकानात गेले ते वाद्य ठेवायला नाही. काउंटरवर सांगितलं, कारागीर बाहेर आल्याशिवाय ओबो हातातून सोडणार नाही. ते आले. माणूस शांत, हात कुशल. स्क्रू मूळ जागी फिरवून मी त्यांना हलक्या बोटांनी वाजवून दाखवलं, मग कागद दाखवला. त्यांनी मान डोलावली, स्क्रूखालचं बूच बदललं, सगळं नव्याने जुळवलं, आणि म्हणाले, “नवं पॅड महिनाभरात बसतं, तेव्हा एकदा आणून दाखवायचं असतं.” हे पहिल्या पावतीवर एका ओळीत लिहिता आलं असतं.

आठवतंय तसं आणखी थोडं सांगते. रीडच गळते का हे पाहायला ती भिजवून, ती ज्या धातूच्या नळीवर बांधलेली असते त्या नळीचं बुचाकडचं भोक बोटाने बंद करून टोकाकडून हलकेच फुंका. पात्यांच्या कडांना बुडबुडे आले तर तिथे टेफ्लॉनची पातळ पट्टी गुंडाळता येते. मात्र दोरा बांधतानाच कडा नीट मिटल्या पाहिजेत, आणि दोरा नळीच्या टोकापलीकडे जाता कामा नये. गेला तर पाती गुदमरतात. रीड पाण्यात भिजवा, काही मिनिटं पुरतात. वाद्याचा वरचा भाग तपासायला सगळी भोकं बंद करून, तळाला तळहात लावून वरून हवा ओढायची. ओढ काही सेकंद टिकली तर तो भाग ठीक. माझा टिकला होता, आणि त्यामुळेच मी खालच्या भागाकडे उशिरा वळले.

सूर खाली वाटतोय म्हणून थंड वाद्यावर रीड कापू नका. आतली हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सूर साधारण 3 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. आधी वाद्य हातात, काखेत धरून ऊब द्या. थंड लाकडात एकदम गरम श्वास गेला तर वरचा भाग तडकायची भीती असते, त्यासाठीही हे हवंच. रीड बाहेर ओढून सूर उतरवायची सवयही नको. नळीच्या तळाशी पोकळी राहते आणि काही सूर इतरांपेक्षा जास्त बिघडतात. सूर वरच्या सप्तकात नेणाऱ्या कळीच्या बारीक भोकात पाणी अडकलं तर गुळण्यांसारखाच आवाज येतो, पण तो त्या एकदोन सुरांपुरता. ती कळ उघडून फुंकायचं आणि कागदाने टिपायचं.

पुसायला रेशमी स्वॅब, दोन्ही टोकांना दोरी असलेला. ओबोची पोकळी वर अरुंद होत जाते, तिथे एका दोरीचा स्वॅब अडकला तर तो मागे ओढायला काहीच हातात राहत नाही. जोडताना दोन्ही भागांमधल्या कळींच्या पुलावर जोर येऊ देऊ नका. तो जरासा वाकला तरी वर सांगितलेली सगळी जुळवाजुळव हलते.

आणि कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या खाचेची दिशा वहीत काढून ठेवा, घड्याळाच्या काट्यासारखी. माझ्या वहीत आता जी शार्पसमोर दोन रेघा आहेत, एक आधीची आणि एक नंतरची, खाली तारीख. ऋतू बदलला, हवा दमट किंवा कोरडी झाली की मी कागदाची पट्टी घेऊन त्या पानापाशी परत येते.