फियाटला एसी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

पेट्रोल पंपावर, लग्नाच्या हॉलबाहेर, सिग्नलला शेजारच्या रिक्षातून, प्रश्न एकच: "एवढी छान जुनी फियाट, तिला एसी कशाला बसवलात? ओरिजिनल का नाही ठेवली?" सूर असा, की मी पैठणीला चेन लावली.

एसीचं सांगतो. पण ब्रेकबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

गाडी १९७५ ची पद्मिनी, म्हणजे भारतात बनलेली फियाट. १०८९ सीसी, जेमतेम ४० हॉर्सपॉवर, त्यातले तीन-चार कॉम्प्रेसर खातो. चढावर एसी बंद करावा लागतो, हे कबूल. पण एसीचं काम कॉम्प्रेसरपासून सुरू होत नाही, बॅटरीपासून होतं. बेरीज करा: ब्लोअर १० अँपिअर, कंडेन्सरचा (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा ८, कॉम्प्रेसरचा क्लच ४, हेडलाइट १०, वायपर ४, इग्निशन ४. चाळीस झाले. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो विसाच्या आसपास दमतो आणि सिग्नलला उभं असताना तर काहीच देत नाही. म्हणून त्याच्या जागी ६५ अँपिअरचा अल्टरनेटर, त्यापासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिमीची वायर, हेडलाइटला वेगळे रिले. हे न करता चिनीमातीच्या जुन्या फ्यूजवरूनच ब्लोअरची वायर ओढली, की आधी फ्यूजची पकड काळी पडते, मग डॅशबोर्डखालून वास येतो.

रेडिएटरचं थोडक्यात: तीन ओळींचा कोअर, कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये बोटभर फट, पंख्याभोवती पत्र्याचं कडं. कार्ब्युरेटरला आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वाढवणारा व्हॅक्युमचा डबा हवाच, नाहीतर कॉम्प्रेसरचा क्लच लागला की इंजिन बंद पडतं. आणि दारांचं बीडिंग, पुढच्या त्रिकोणी काचांचे रबर आधी बदला, छताला आतून इन्सुलेशन चिकटवा. हे राहिलं तर तुम्ही रस्ता थंड करताय.

आता ब्रेक.

पुढच्या चाकांना मूळच्या ड्रमऐवजी डिस्क बसवल्या. कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारे) एका छोट्या हॅचबॅकचे, मधली ब्रॅकेट १० मिमीच्या प्लेटमधून करून घेतलेली. पेडलचा जोर ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच ठेवला. चालतोय की, कशाला बदला. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली, पण निर्णय माझा होता.

ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडलं तरी तो लायनीत १० पीएसआयच्या आसपास प्रेशर धरून ठेवतो, म्हणजे चाकातल्या व्हील सिलिंडरचे रबरी कप टेकून राहतात, हवा शिरत नाही. ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे) मागे ओढणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, त्यांच्यापुढे हे प्रेशर किरकोळ. कॅलिपरला तशी स्प्रिंग नसते. पॅड डिस्कवर घासतच राहतात.

शहरात कळलं नाही. ॲव्हरेज पडलं, ते एसीच्या माथी मारलं. मग मे महिन्यात, खंडाळ्याहून खोपोलीकडे जुन्या घाटाने उतरताना, करपल्यासारखा वास. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाला पेडल स्पंजासारखं, त्याच्या पुढच्याला थेट फ्लोअरला. घासून तापलेल्या पॅडची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत गेली होती. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. उकळलं की लायनीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइलसारखी जोर पुढे देत नाही. जुना मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, त्यामुळे पुढच्यांबरोबर मागचेही गेले.

पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी रचना) नाही, चालत्या गाडीत तो पडत नाही. दुसरा टाकला, हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढत राहिलो. हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमवर वेगळी जाते म्हणून वाचलो. डोंगराच्या बाजूच्या गटारीत डावं चाक घातलं, मडगार्ड दगडावर घासत गाडी थांबली. व्हीलकपवर पाण्याचा थेंब टाकला तर तडतडला. आणि तासाभराने पेडल परत कडक! वाफेचं पुन्हा ऑइल झालेलं. याच गोष्टीमुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही आणि तुम्ही "झालं असेल काहीतरी" म्हणत पुन्हा रस्त्यावर येता.

नंतर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला: डिस्कच्या तोंडाला व्हॉल्व्ह नाही, मागच्या ड्रमच्या तोंडाला आहे. पेडल आणि मास्टर सिलिंडर जोडणाऱ्या पुशरॉडला मिलिमीटरभर मोकळीक. डॉट ४ ऑइल, दर दोन वर्षांनी नवं. आणि एक तपासणी, जी फुकट होती: चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा, चाक हाताने फिरलं पाहिजे. मी ती केली नव्हती.

ओरिजिनलवाले इथे हसतील, आणि हसावंच. नीट सेट केलेले चार ड्रम त्या घाटातून निमूट उतरले असते. मग बदलले कशाला? कारण पुढची एबीएसवाली गाडी जिथे थांबते, तिथे मला ड्रमवर थांबता येत नाही. हे उत्तर मला दिवसा पटतं. रात्री तितकंसं नाही.

कागदांचंही ऐका. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात हवी, मोठे फेरफार चालत नाहीत. माझी वयात बसते, रूपात नाही. म्हणून मी काहीच वेल्डिंग केलेलं नाही, सगळं बोल्टवर. जुने ड्रम, मास्टर सिलिंडर, डायनामो ग्रीस लावून पेटीत आहेत. मनात आणलं तर आठवड्यात परत बसतील, असं मी सांगतो. खरंतर पंधरा दिवस लागतील, आणि इन्सुलेशनचा गोंद छतावरून निघेल की नाही, शंका आहे.

पाच गिअरचा बॉक्स घेऊन ठेवलाय. त्याला इंजिनशी जोडणाऱ्या बेल हाउसिंगला ॲडॅप्टर लागेल, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागेल, आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगवरून खाली आला की पुढच्या अखंड सीटवर मधे तिसरं माणूस बसणार नाही. हायवेला इंजिन शांत होईल. बॉक्स दोन वर्षं गोणपाटात गुंडाळून पडलाय.