तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ दिवे का काढले?

घरी येऊन माझा थ्रीडी स्लाइड-प्रोजेक्टर बघणारा प्रत्येक जाणकार हेच विचारतो, तेही जरा दुखावून. "अहो, एवढं जुनं अमेरिकन मशीन, त्याचे दिवे काढून एलईडी कशाला बसवलेत?"

काका बोटीवर नोकरीला होते. तिकडून त्यांनी स्टिरिओ रिअ‍ॅलिस्ट कॅमेरा आणला. 1947 साली निघालेला हा कॅमेरा दोन भिंगांनी एकाच क्षणी दोन डोळ्यांसाठी दोन फोटो घेतो. मागून हा प्रोजेक्टर आला. काका गेल्यावर बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या माळ्यावरून दोन्ही उतरवले, सोबत स्लाइडच्या चार पेट्या. बहुतेक कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत स्लाइड-फिल्म.

कोडाक्रोम अंधारात पेटीत ठेवली तर पन्नास-साठ वर्षांनीही लाल लालच राहतो. प्रोजेक्टरच्या उजेडात मात्र तिचे रंग लवकर उडतात. आणि या स्लाइडची दुसरी प्रत नाही.

पहिल्या रात्री मूळ दिव्यांवरच चालवलं, ट्रान्सफॉर्मर लावून, कारण मशीन 120 व्होल्टचं. दोन दिवे, प्रत्येकी 500 वॉट. खोलीत इस्त्रीवाल्याच्या दुकानासारखी धग. गप्पांच्या नादात एक स्लाइड तशीच राहिली आणि डोळ्यांदेखत फिल्म फुगून चित्र धूसर झालं. गार झाल्यावर ती सरळ झाली, पण माझी झोप गेली ती गेलीच.

तेवढे दिवे हॉलसाठी होते. प्रत्येक भिंगापुढे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारा फिल्टर असतो, एक इकडे 45 अंशात कललेला, दुसरा तिकडे, तसेच चष्म्यात. म्हणून डाव्या डोळ्याला डावं, उजव्याला उजवं चित्र दिसतं. हे फिल्टर निम्म्याहून जास्त उजेड खातात. पण माझी खोली अकरा फुटांची, भिंगं पाच इंची; चित्र होतं जेमतेम पावणेदोन फुटांचं. त्याला हजार वॉट म्हणजे वाटीभर आमटीला लग्नाचं पातेलं. 30-30 वॉटचे एलईडी पुरले. मात्र दोन्ही एकाच लॉटमधले घ्यायचे, नाहीतर एक डोळा निळसर बघतो. स्वस्त एलईडीत लाल रंग मातकट दिसतो, तिथे पैसे वाचवू नयेत.

दिवा होता नेमका त्याच जागी एलईडी बसवायला अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या उद्यमबागेत लेथवर करून घेतल्या. टर्नर म्हणाला, "हे कुठल्या पंपाचं ओ?" मूळ मशीनला एकही नवं भोक पाडलेलं नाही. दुखावलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं: जुने दिवे डब्यात आहेत, अर्ध्या तासात परत बसतील.

पडद्याने मात्र रडवलं. पांढऱ्या भिंतीवर पोलरायझेशन मोडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात. शेवटी प्लायवुडला ग्रिलला मारतात तो सिल्व्हर रंग मारला, ब्रशचे पट्टे दिसू लागले, घासून परत मारला. आई म्हणाली, "दिवाळी लांब आहे, आत्ताच रंग काय काढलायस?" शिवाय दोन चित्रं वर-खाली जराही नकोत; डोळे आत वळतात, पण एक वर आणि एक खाली जात नाही. डोकं दुखतं ते त्यानेच.

आणि स्कॅन? तेही केलंय, पण सपाट स्कॅनमध्ये लांब-जवळ कळत नाही. त्यातला एक फोटो वर्षानुवर्षं घरात भांडणाचा. गल्लीत मागाचा ताणा पसरलाय, त्यामागे परकर-पोलक्यातली मुलगी. चणीने लहान दिसते, म्हणून सगळे म्हणत, ही धाकटी आत्या. परवा आत्याला चष्मा देऊन बसवलं. ताण्याचा एकेक धागा सुटा झाला आणि मुलगी पार मागे, समोरच्या घराच्या उंबऱ्यावर गेली. लांब उभी, म्हणून लहान. तिचं डोकं दाराच्या कडीपर्यंत पोचलेलं.

आत्या बराच वेळ बघत राहिली. मी नियमाप्रमाणे मिनिटाने दिवा बंद केला.

"थांब की रे," ती म्हणाली. "ती अक्का आहे. मी कुठे हाय मग?"